दात माहेरचा, हाड सासरचं

वैशाखात तळं आटलं की आमच्याकडे गाळ काढायची झुंबड उडते. जेसीबी काय, ट्रॅक्टर काय, रात्र रात्र घरघर चालू. तो काळा गाळ माळरानावर पसरला की पुढची दोन-तीन सालं कापूस डोक्याला लागतो. यंदा सुट्टीला पुण्याहून आलेली माझी दोन नातवंडं दिवसभर त्या गाळात हुंदडत होती. दिवेलागणीला घरी आली ती खताची रिकामी गोणी दोन टोकांना धरून. थोरली बारा वर्षांची, ती गंभीर चेहरा करून. धाकटा सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला, तो वेशीपासूनच ओरडत, "आबा, मर्डर झालाय!"

गोणी ओट्यावर उलटी केली तसं त्यांची आजी दोन पावलं मागं सरली. "आधी भाईर न्या ते. अन् हातपाय धुतल्याबिगर उंबरा ओलांडायचा न्हाई."

वीतभर लांब, चिखलानं काळंमिट्ट झालेलं, दोन्ही टोकांना जाड असं एक हाड होतं. थोरलीनं ते वाटेतच स्वतःच्या मनगटापासून कोपरापर्यंत लावून पाहिलं होतं. जवळजवळ बसलं. म्हणजे हे माणसाच्या हाताचंच, असा तिचा निकाल.

मी बादलीभर पाणी ओतून चिखल काढला. "बोट फिरव ह्याच्यावरनं. मधोमध उभी खाच लागते का?" लागली. "आता खालचं टोक बघ. विहिरीवरच्या रहाटाची दोन चाकं शेजारी शेजारी बसवावीत तसं दिसतं की नाही?" दिसलं. मग सांगितलं, लेकरांनो, ही बैलाच्या पायाची नळी. बैलाच्या पायात मुळात दोन हाडं शेजारी असतात, ती पोटात असतानाच एकमेकांना चिकटून एक होतात. खाच म्हणजे त्या दोघांची सांधणी. आणि खाली दोन चाकं, कारण खुराला दोन भाग. माणसाच्या अंगात असं दोन चाकांचं हाड शोधून सापडायचं नाही.

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. मर्डर हातचा गेला होता.

पण त्याला हसू नका. हाडं सापडली म्हणून पोलीस धावतात, तेव्हा जाणकारानं पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो: हे माणसाचं आहे का? पुष्कळदा गोष्ट तिथंच संपते. बकरं निघतं, डुक्कर निघतं, वासरू निघतं. सगळ्यात चकवणारं जनावर म्हणजे अस्वल. कातडं आणि नख्या निघून गेल्या की अस्वलाचा पंजा थेट माणसाच्या हातासारखा दिसतो. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात अस्वलं नाहीत, हे इथल्या हवालदाराचं नशीब.

"पण आबा, तुम्हाला हे कुणी शिकवलं? तुम्ही तर गणिताचे मास्तर."

ती गोष्ट ऐका. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, खेड्यापाड्यासाठी काढलेलं. वसतिगृहात जागा नसली की पोरं गावात भाड्यानं राहायची. आमच्या माडीवर असाच एक पोरगा राहत होता. त्याच्या खाटेखाली पत्र्याची ट्रंक, आणि ट्रंकेत हाडांचा सेट. खरी, माणसाची हाडं. वरच्या वर्गातल्या पोरानं खालच्याला विकायची, अशी ती चालत आलेली. रात्री तो दिव्यापाशी बसून मोठ्यानं पाठ करायचा, फीमर, टिबिया, फिब्युला. तुमची आजी तेव्हा नवी नवरी. तिला वाटायचं, पोरगा सोवळ्यातलं काहीतरी म्हणतोय. एके दिवशी झाडायला वर गेली, तर कोनाड्यात कवटी आणि तिच्यावर पोराची टोपी! घर डोक्यावर घेतलं तिनं. मग पोरानं टोपी काढली, माफी मागितली, आणि कवटी खाली आणून दाखवली. आजीनं एकच विचारलं, "हिचं नाव काय?" तो म्हणाला, "काकू, सेटला नाव नसतं." त्यानंतर तो राहिला तोवर दर अवसेला तिनं माडीच्या पायरीवर एक दिवा ठेवला. कुणाची कोण, हिच्या नावानं पाणी सोडायला कोण असणार, म्हणायची.

खरं तर "हिचं नाव काय?" हा आजीचा प्रश्न साऱ्या जगानं विचारायला हवा होता. कित्येक दशकं जगभरच्या मेडिकल कॉलेजांतले सापळे आपल्या देशातून, मुख्यतः कलकत्त्याहून जात. १९८५ साली सरकारनं ही निर्यात बंद केली. परदेशातले किती डॉक्टर मांडीचं हाड ओळखायला शिकले ते आपल्याकडच्या कुण्या गरिबाच्या मांडीवर. हाडाला लॅटिन नाव मिळालं, ज्याचं होतं त्याचं नाव राहिलं नाही.

तर त्या पोराकडून मी हाडं शिकलो. रात्री गच्चीवर अंथरुणं पडली तेव्हा थोरलीनं पुन्हा विषय काढलाच. "समजा, ते माणसाचंच असतं तर?"

आधी बाई की पुरुष ते बघायचं. ते कवटीपेक्षा कमरेचं हाड बरं सांगतं. कमरेला दोन्ही बाजूंनी पसरट हाडं असतात ना, त्यांच्या मागच्या कडेला एक खाच असते. त्या खाचेत अंगठा घालायचा. बाईच्या हाडात अंगठा इकडंतिकडं हलतो, पुरुषाच्या हाडात फसून बसतो. लेकरू जन्माला यायचं तर वाट रुंद हवी, म्हणून निसर्गानं बाईची कंबरच वेगळी घडवली. कमरेचा पुरा सांगाडा हाती लागला तर जाणकार दहात नऊहून जास्त वेळा बरोबर सांगतो. पण सापळा लहान मुलाचा असला तर डोळ्यांनी बघून सांगता येत नाही, तेव्हा तो फरक पडलेलाच नसतो.

मग वय. तुझे दोन दात पडलेत म्हणजे तू सहा-सात वर्षांचा, हे कुणीही सांगेल. दातांचं वेळापत्रक एसटीपेक्षा पक्कं. सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ, बाराव्याला दुसरी, अक्कलदाढ सतरानंतर कधीतरी. मागं तू चिंचेवरून पडलास तेव्हा मनगटाच्या एक्सरेमध्ये एक काळी रेघ दिसली आणि तुझी आई घाबरली, हाड मोडलं म्हणून. ते मोडणं नव्हतं. लेकराच्या लांब हाडांची टोकं सुटी असतात. मधे कूर्चा असते, तिथं हाड वाढतं. वाढ संपली की टोक जोडलं जातं, रेघ पुसट होते. कुठलं टोक केव्हा जोडतं हे ठरलेलं आहे. सगळ्यात शेवटी गळ्याच्या हाडाचं आतलं टोक, ते पार तिशीला टेकतं. म्हणून पंचविशीपर्यंतचं वय हाडं बरीच नेमकी सांगतात. पुढं मात्र त्यांचा हिशेब ढिला पडतो. मणक्यांना काटे फुटतात, सांधे झिजतात, आणि जाणकार सांगतो, "पस्तीस ते पन्नास." एवढं मोठं अंतर ऐकून पोलीस वैतागतात. पण ठाम एक आकडा सांगणाऱ्यापेक्षा हा माणूस जास्त प्रामाणिक, हे मी मास्तर म्हणून सांगतो.

उंची काढायला मांडीचं हाड. अंगातलं सगळ्यात लांब हाड हेच, उंचीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त. त्याची सूत्रं आहेत. गाजलेली सूत्रं अमेरिकेतल्या ट्रॉटर आणि ग्लेसर या दोघांनी १९५२ साली छापली, युद्धात मेलेल्या सैनिकांच्या हाडांवरून. तीच इथं लावली तर उत्तर चुकू शकतं, कारण पायाचं धडाशी प्रमाण सगळीकडे सारखं नसतं. ज्या मुलखाचं हाड, त्या मुलखाचं सूत्र.

"आबा," धाकटा मधेच म्हणाला, "हाडावरून जात कळते का?"

आजी कुशीवर वळली होती, ती उठून बसली. पोरं कुठं काय ऐकतात कोण जाणे. मी म्हणालो, नाही बाळा, कळत नाही. धर्मही कळत नाही. आणि अशाच एका प्रश्नावर, वंशाच्या, एका मराठी बाईनं केलेलं काम आहे. इरावती कर्वे, 'युगान्त' लिहिणाऱ्या. महाभारतावर लिहायच्या कितीतरी आधी, १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या आणि कवट्या मोजायला बसल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेच्या विचाराचे मोठे प्रस्थ. त्यांचं म्हणणं असं की गोऱ्यांची डोकी जास्त तर्कबुद्धीची, म्हणून त्यांची कवटी दोन्ही बाजूंना सारखी नसणार, आणि इतर वंशांत तसं दिसणार नाही. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वाकडेपणा सगळीकडेच सापडला. वंशाशी त्याचा काही संबंध नाही, असं त्यांनी प्रबंधात लिहून टाकलं. परक्या देशात, पंचविशीच्या आतबाहेरची बाई, आणि गाईडला सांगते की आकडे तुमच्या बाजूनं नाहीत. पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी मानववंशशास्त्र उभं केलं.

"म्हणजे हाडांना काहीच कळत नाही," धाकट्यानं निकाल दिला.

उलट, हाडांना असं काही कळतं की तुम्ही थक्क व्हाल. आज जेवायला काय होतं? भाकरी. तुम्ही दोघांनी नाक मुरडलंत आणि आजीनं तुमच्यासाठी वेगळ्या पोळ्या लाटल्या. ते मुरडलेलं नाक तुमच्या हाडांत लिहिलं जातंय.

कसं ते सांगतो. झाड हवेतून कार्बन घेतं आणि त्याचं धान्य करतं. हा कार्बन दोन वजनांचा असतो, एक हलका, बारा वजनाचा, आणि एक जड, तेराचा. शंभरात नव्व्याण्णव हलके, एखादाच जड. गहू, तांदूळ, तूर, हरभरा ही पिकं जड कार्बनला बरंच बाहेर ठेवतात. जोंधळा, बाजरी, मका, ऊस ही उन्हाची पिकं. कमी पाण्यात भागावं म्हणून त्यांनी हवा पचवायची वेगळीच रीत काढलेली आहे, आणि त्या रीतीत जड कार्बन जास्त प्रमाणात आत येतो. फरक हजारी चौदाच्या आसपास, पण यंत्राला तो लख्ख दिसतो. आपण ते धान्य खातो, त्याच कार्बनानं आपलं हाड बांधलं जातं. नुसती भाकरीच नाही. कडबा खाल्लेल्या म्हशीचं दूध, चहातली साखर, सगळं त्यात जमा. जन्मभर जोंधळ्यावर जगलेल्या माझं हाड आणि जन्मभर भातावर जगलेल्या कोकणातल्या म्हाताऱ्याचं हाड, दोन्ही शेजारी ठेवली तर डोळ्याला सारखी. यंत्र मात्र सांगेल, हा भाकरीवाला.

आता ह्याहून गमतीची गोष्ट. हाड हे दगडासारखं मेलेलं नसतं. ते सतत पोखरलं जातं, सतत नव्यानं बांधलं जातं. मोठ्या माणसाच्या अंगातलं साधारण दहा टक्के हाड दर वर्षी नवं होतं. म्हणजे हाड सांगतं ते गेल्या काही वर्षांचं. दाताचं वरचं कवच, जे पांढरं चकचकीत असतं, ते एकदा लहानपणी बनलं की पुन्हा कधी बदलत नाही. तिथं बालपण गोठून राहतं. तुमची आजी केजकडची, बाजरी-जोंधळ्याची. समजा ती लग्न होऊन कोकणात गेली असती, तीस वर्षं भात खाल्ला असता, तर तिचा दात म्हटला असता जोंधळा आणि हाड म्हटलं असतं भात. दात माहेरचा, हाड सासरचं.

"बरं झालं न्हाई गेले," आजी म्हणाली. "भातानं पोट भरतंय व्हय?"

पाण्याचंही तसंच. दगडात स्ट्रॉन्शियम नावाचा एक धातू असतो, कॅल्शियमचा चुलत भाऊ म्हणा. पाण्यातून, धान्यातून तो अंगात येतो आणि कॅल्शियमच्या रांगेत घुसून दातात जाऊन बसतो. आपला हा बालाघाटाचा काळा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. त्यातल्या स्ट्रॉन्शियमचं रूप वेगळं, आणि भंडारा-गडचिरोलीकडच्या अब्जावधी वर्षं जुन्या खडकातलं वेगळं. कुठल्या दगडाचं पाणी पिऊन लेकरू वाढलं, ते दात सांगतो. पण थांबा, ह्यानं बीड आणि पुणं वेगळं करता येत नाही. दोन्हीकडे तोच काळा दगड. दातानं नुसता दगड सांगितला, गाव नाही.

डोळ्यांनीच दिसणाऱ्या खुणाही असतात. चुलीपुढं, शेतात खुरपताना, न्हाणीत, जन्मभर उकिडवं बसणाऱ्याच्या नडगीच्या हाडाला, घोट्यापाशी पुढच्या बाजूनं, एक छोटी गुळगुळीत जागा तयार होते. खाली बसलं की घोट्याचं हाड तिथं टेकतं. लाहोरच्या मेडिकल कॉलेजातल्या हॅवलॉक चार्ल्सनं १८९०च्या दशकात पंजाब्यांच्या हाडांवर ही जागा नोंदवली, कारण खुर्चीवर बसणाऱ्या त्याच्या भाऊबंदांत ती सहसा दिसत नव्हती. तुमच्या पुण्याच्या फ्लॅटात खुर्चीही आहे आणि कमोडही. तुमच्या घोट्यावर ती खूण उमटेल की नाही, शंकाच आहे. मिश्री लावणाऱ्या बाईचे काळे दात, फ्लोराइडचं पाणी प्यायलेल्या मुलाच्या दातांवरचे तपकिरी पट्टे, एका हातानं वर्षानुवर्षं कोयता चालवणाऱ्याचा तेवढाच दंड जाड. मोडून जुळलेल्या हाडाची गाठ तर अंगठ्याच्या ठशासारखी उपयोगी पडते.

थोरलीला आता झोप नव्हती. "आणि कधी मेला ते?"

ते सगळ्यात अवघड. ऊन, पाऊस, कुत्री, मुंग्या, मातीचा आंबटपणा, सगळं त्यात येतं. दोन वर्षांचं हाड वीस वर्षांचं दिसू शकतं. पण एक खूण माणसानं स्वतःच्या नकळत हवेत सोडून ठेवली आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत मोठ्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या, त्यानं हवेतला चौदा वजनाचा किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ साली उघड्यावरच्या चाचण्या बंद करायचा करार झाला, त्यानंतर तो हळूहळू उतरत गेला. त्या काळात जे जे वाढलं त्यात तो शिरला, जोंधळ्यात, दुधात, दातात. माझा जन्म १९४९चा. माझे पुढचे दात बॉम्बच्या आधीचे, त्यात तो वाढीव कार्बन नाही. अक्कलदाढ बनली १९६०नंतर, तिच्यात आहे. सगळ्यांना अक्कल येते, मला अणुबॉम्ब आला. एखादं हाड जुनं आहे की आपल्या काळातलं, हे ह्या हिशेबानं कळतं. जुनं असलं तर पोलिसांची फाइल मिटते आणि पुरातत्त्ववाल्यांची उघडते.

ती उघडली तर काय निघतं, ते बघायला इनामगावला जायला हवं. पुणे जिल्ह्यात, शिरूरच्या अलीकडं, घोड नदीच्या काठी. आपल्या आष्टीकडची सीना आणि ती घोड, दोघी शेवटी भीमेलाच मिळतात. तिथं १९६८पासून पंधराएक वर्षं डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ह्या मंडळींनी उत्खनन केलं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. दोनशेहून जास्त दफनं निघाली, त्यांत कितीतरी लहान लेकरांची. लेकरू गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी करायची, त्यात त्याला ठेवायचं, आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचं.

"घरातच?" आजीनं विचारलं. मी हो म्हणालो. ती काही बोलली नाही. आमचं एक गेलेलं आहे, ते ह्या पोरांना माहीत नाही.

मोठ्या माणसांना सरळ निजवून पुरत, पण घोट्यापासून पावलं तोडलेली. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. एकाला मात्र चार पायांच्या मातीच्या मोठ्या भांड्यात उकिडवा बसवलेला, पावलांसकट. गावचा कुणी पाटील असावा. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स ह्यांनी ह्या हाडांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. पुढं ग्वेन रॉबिन्स शुग ह्या बाईंनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबादच्या लेकरांची हाडं तपासली. वस्तीच्या शेवटच्या काळात इनामगावच्या पोरांची वाढ खुंटलेली दिसते. तीन हजार वर्षांपूर्वीची उपासमार, इवल्याशा हाडात मोजता येते.

धाकट्याला मर्डर हवाच होता, म्हणून एक मर्डर थोडक्यात. मुंबईत जन्मलेला, मुंबईतच डॉक्टरी शिकलेला एक पारशी, बक रक्स्टन नाव घेऊन इंग्लंडात लँकेस्टरला दवाखाना चालवी. १९३५ साली त्यानं बायकोला आणि घरकामाच्या मुलीला मारलं. डॉक्टरच तो, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आणि स्कॉटलंडातल्या ओढ्यात गाठोडी फेकली. पण गाठोडी बांधली वर्तमानपत्रात, आणि त्या अंकाची ती आवृत्ती फक्त लँकेस्टर-मोरकॅम भागातच विकली गेली होती! मग शरीरशास्त्राचे प्राध्यापक ब्रॅश ह्यांनी कवटीचा फोटो त्या बाईच्या जुन्या फोटोवर ठेवला, त्याच कोनात, त्याच मापात. डोळ्यांच्या खोबण्या, नाक, हनुवटी जागच्या जागी बसली. १९३६च्या मेमध्ये तो फासावर गेला. आपल्या पोलिसांच्या तपासातही कवटीवर फोटो बसवायची ही रीत वापरली गेली आहे.

आणि आता खरी गोष्ट, माझ्या आवडीची. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचं पडकं चर्च आहे, अर्धा मनोरा तेवढा उभा. जॉर्जिया देशातल्या काखेतीची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासनं तिला कैदेत ठेवलं, धर्म बदल म्हणाला, ती बदलेना. १६२४ साली शिराझमध्ये हाल करून मारली. तिथल्या ऑगस्टीनी पाद्र्यांनी तिचे अवशेष लपवून नेले, आणि त्यांतला काही भाग १६२७ साली गोव्यात आणून खिडकीजवळच्या दगडी पेटीत ठेवला. पुढं मठ ओस पडला, छत कोसळलं, झाडं उगवली. जॉर्जियाचे लोक तिला संत मानतात, ते शोधत शोधत गोव्यापर्यंत आले. ह्या शतकाच्या सुरुवातीला पुरातत्त्व खात्याला जुन्या पोर्तुगीज नोंदींच्या आधारानं ती जागा सापडली, आणि हाताच्या हाडाचा एक तुकडा. तिथंच आणखी दोन अवशेष.

हे हाड राणीचं कशावरून? हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेत लालजी सिंग, थंगराज, नीरज राय ह्यांनी त्यातून डीएनए काढला. आईकडून लेकराला मिळतो तो, मायटोकाँड्रियाचा. तो आईचा, तिच्या आईचा, तिच्या आईचा, असा बायकांच्याच वाटेनं चालत येतो. हाताच्या हाडातला नमुना निघाला 'यू वन बी' जातकुळीचा. बावीस हजारांहून जास्त भारतीयांच्या नमुन्यांशी ताडून पाहिला, कुठंच नाही. तीस जॉर्जियन माणसं तपासली, त्यांतल्या दोघांत सापडला. उरलेले दोन अवशेष मात्र इथल्याच माणसांचे निघाले. शोधनिबंधात त्यांनी काय लिहिलं? हे हाड 'बहुधा' राणी केतेवानचं आहे. बहुधा! एवढं सगळं करूनही. २०२१च्या जुलैमध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यातला एक भाग जॉर्जियाला नेऊन दिला, तेव्हा तिथली माणसं रडली.

"मग आबा, नक्की नाव कधी कळतं?"

घरचं माणूस पुढं येतं तेव्हा. हाडं सांगतात बाई, तिशीची, पाच फूट दोन इंच, डावा हात कधीतरी मोडलेला. पण कुणीतरी सांगावं लागतं की आमची अशी एक हरवली आहे. अर्जेंटिनात १९७६नंतर लष्करी राजवटीनं हजारो तरुण पोरं गायब केली, त्यांची तान्ही बाळं परस्पर दुसऱ्यांना देऊन टाकली. तिथल्या आज्या १९७७ साली एकत्र आल्या. त्यांनी शास्त्रज्ञांना गाठलं, विचारलं, मधली पिढीच नाहीशी झाली आहे, नुसत्या आजीच्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल का? अमेरिकेच्या मेरी-क्लेअर किंग ह्यांनी त्याचं शास्त्र बसवून दिलं. १९८४मध्ये क्लाइड स्नो नावाचा हाडांचा जाणकार तिथं गेला, त्यानं कॉलेजातल्या पोरांना हाताशी धरून बेवारस कबरी कशा उकरायच्या ते शिकवलं. त्या आज्यांनी आजवर १३०हून जास्त नातवंडं शोधून काढली आहेत.

"एवढ्या आज्या?" आजी म्हणाली, आणि धाकट्याच्या अंगावर गोधडी ओढली. तो कधीचाच झोपला होता.

आता तुम्हा वाचणाऱ्यांशी दोन शब्द. आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीला निम्मी गावं ऊसतोडीला कोयता घेऊन बाहेर पडतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. वाटेत, फडात एखादं माणूस चुकलं तर "येईल, कुठं जातंय" म्हणून घरचे थांबतात. थांबू नका. चोवीस तास वाट बघायची असा कुठलाही नियम नाही, जे पोलीस ठाणं जवळ असेल तिथं जा. अठरा वर्षांखालचं लेकरू असेल तर अपहरणाचा गुन्हा नोंदवा म्हणा. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली तसं बजावलं आहे. दात दिसतील असा हसरा फोटो द्या, कुठलं हाड कधी मोडलं होतं ते सांगा, दाढेत चांदी भरली असेल तर तीही. आणि गाळात, विहिरीत, ओढ्यात हाड दिसलं तर माझ्या नातवंडांसारखं गोणीत भरू नका. होतं तिथंच राहू द्या आणि ११२ फिरवा. बैलाचं निघालं तरी कुणी रागावत नाही.